‘यांजकडून’ आणि ‘हस्ते’ : देणगी खिडकीवरून एक खुलं पत्र

प्रति,
सिनेमा, क्रिकेट, मालिका आणि आता मोबाइलच्या पडद्यावरून घराघरांत पोचलेल्या सर्व नामवंत भाविक मंडळींना,

स. न. वि. वि.

मी एका देवस्थानाच्या देणगी खिडकीवर चोवीस वर्षं बसलो. गेल्या वर्षी निवृत्त झालो. देवस्थानाचं नाव सांगत नाही, कारण माझ्या हाताखाली तयार झालेली पोरं अजून तिथे नोकरीला आहेत. तुमच्यापैकी काही जणांच्या पावत्या मी स्वतः फाडल्या आहेत. मी तुम्हाला आठवणार नाही. मध्ये खिडकीची जाळी असायची, आणि तुम्ही बहुतेक वेळा गाडीतच बसलेले असायचात. खिडकीशी तुमचे सेक्रेटरी यायचे.

आमच्या जुन्या पावतीवर दोन ओळी होत्या. वर ‘यांजकडून’, खाली ‘हस्ते’. ज्याचा पैसा त्याचं नाव वर, जो आणून देतो त्याचं खाली. गावाकडची माणसं याबाबत फार काटेकोर. पुतण्या काकाचे शंभर रुपये घेऊन आला की बजावायचा, “वर काकांचं नाव टाका, माझं खाली.” एकदा एक बाई भिशीतल्या सोळा जणींचे पैसे घेऊन आल्या. सोळाही नावं वरच्या ओळीत हवीत म्हणाल्या. ओळ संपली, समास संपला, शेवटची तीन नावं मी पावतीच्या पाठीवर लिहिली. तुमचं नाव ‘हस्ते’मध्ये घालू का विचारलं, तर म्हणाल्या, “मी त्या सोळांतच आले की.”

संगणक आला आणि ‘हस्ते’ची ओळ गेली. प्रोग्राम करणाऱ्या मुलाला ती फालतू वाटली. मला तुम्हाला जे सांगायचंय ते सगळं त्या गेलेल्या ओळीत आहे.

तुम्ही येणार हे आम्हाला आदल्या दिवशी संध्याकाळी कळायचं. आधी पोलीस ठाण्यातून फोन, मग एखाद्या विश्वस्तांचा, मग तुमच्या माणसाचा. तुमच्या माणसाचे प्रश्न ठरलेले असायचे: गाडी कुठपर्यंत येते, गाभाऱ्यात फोटो चालतो का, चालत नसेल तर कोणाशी बोलावं लागेल. देवाला काय वाहायचं हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. आमच्या कार्यालयातला शिपाई सिनेमाचा शौकीन होता. शुक्रवारी कोणाचा सिनेमा लागतोय हे पाहून तो सोमवारीच सांगायचा, या आठवड्यात कोण येणार. त्याचा अंदाज फारसा चुकत नसे. शुक्रवार नसेल तर कोर्टाची तारीख असायची, नाहीतर घटस्फोटाची बातमी, नाहीतर प्राप्तिकरवाल्यांचा छापा नुकताच पडून गेलेला.

अडचणीत देव आठवतो, यात वावगं काही नाही. मीही त्याच्याशी व्यवहार केलेला आहे. मुलीचं बाळंतपण अडलं तेव्हा नवस बोललो होतो, आणि सगळं सुखरूप झाल्यावर फेडायला गेलो. कर्मचारी म्हणून मला आतल्या दाराने दोन मिनिटांत जाता आलं असतं. पण बोलताना तोंडून ‘रांगेत उभा राहून येईन’ असं निघून गेलं होतं, आणि ते देवाने ऐकलं असणार ही धास्ती होती. साडेचार तास लागले. त्या साडेचार तासांत मला माझ्याच खिडकीसमोरून सरकताना खिडकी पहिल्यांदा बाहेरून दिसली. रांगेतल्या माणसाला आत बसलेला माणूस किती आरामात दिसतो, ते तेव्हा कळलं.

त्याच दिवशी तुमच्यापैकी एक जण आले.

रांग थांबली. का थांबली ते कोणी सांगत नाही. दोर लागतो आणि सुरक्षारक्षक दुसरीकडे बघायला लागतो. माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना लघवीला जायचं होतं, पण नंबर जाईल म्हणून ते जात नव्हते. मागे एका बाईच्या कडेवरचं मूल रडून रडून झोपलं. पस्तीस मिनिटांनी रांग हलली. मी आयुष्यभर आकडेच लिहिले, त्यामुळे हिशेब आपोआप होतो. त्या दिवशी रांगेत दोनेक हजार माणसं असतील. दोन हजार गुणिले पस्तीस, म्हणजे सत्तर हजार मिनिटं. तास केले तर अकराशेच्या वर, दिवस केले तर साडेअठ्ठेचाळीस. तुमचं दर्शन पार पडायला लोकांच्या आयुष्यातले साडेअठ्ठेचाळीस दिवस लागले. दुसऱ्या दिवशी पेपरात तुमचा हात जोडलेला फोटो आला, खाली लिहिलं होतं की सामान्य भाविकाप्रमाणे तुम्ही दर्शन घेतलंत. पावती खरी फाडायची तर अशी: यांजकडून रांगेतील दोन हजार माणसं, हस्ते आपण.

दोष तुमच्या एकट्याचा नाही, हे मला माहीत आहे. दोर तुम्ही लावत नाही, तो आमची माणसं लावतात. विश्वस्तांना तुमच्याबरोबरचा फोटो हवा असतो; आमच्या एका विश्वस्तांच्या दिवाणखान्यात असे फोटो देवाच्या तसबिरीपेक्षा वर टांगलेले मी पाहिलेत. पण दोर नको, असं तुम्ही सांगितलंत तर तो लागणार नाही. चोवीस वर्षांत असं सांगणारे दोघे भेटले. त्यातल्या एकांना तर कोणी ओळखलंच नाही, पावतीवरचं नाव वाचल्यावर मला कळलं.

महाराष्ट्राला हे नवीन शिकवायची गरज नाही. आषाढीला पंढरपुरात दर्शनाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते आणि पहाटेची शासकीय पूजा मुख्यमंत्री करतात. पण त्यांच्या शेजारी पूजेला रांगेतलं एक जोडपं उभं असतं, मानाचे वारकरी म्हणून. एवढं तरी भान त्या व्यवस्थेने ठेवलं आहे. त्याच देवळाची दारं दलितांना उघडावीत म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं होतं. दारं उघडली. मग हळूहळू आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या देवळांत एक बाजूचं दार तयार झालं आणि त्यावर पाटी लागली, व्हीआयपी.

आता पैशांबद्दल, कारण माझं खातं ते.

एका वर्षी आमच्या दवाखान्याला डायलिसिसचं यंत्र द्यायचं तुमच्यापैकी एकांनी जाहीर केलं. मोठा कार्यक्रम झाला. मंडप, फुलं, पन्नास पाहुण्यांचं जेवण, हा सगळा खर्च देवस्थानाचा. व्यासपीठावर चार फूट लांबीचा फोमचा चेक दिला गेला, त्यावर त्यांची सहीसुद्धा छापलेली होती. खरा चेक आला नाही. मी तीन पत्रं पाठवली. लेखापरीक्षक दर वर्षी विचारायचे, ही रक्कम ‘येणे’ म्हणून किती दिवस दाखवायची? दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पैसे आले, जाहीर केलेल्याच्या निम्मे, आणि ते आले एका कंपनीकडून. हे गृहस्थ त्या कंपनीच्या मालाची जाहिरात करत होते.

आता हे पैसे काय असतात, ते मी तेव्हा मुद्दाम समजून घेतलं. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता पाचशे कोटी, किंवा उलाढाल हजार कोटी, किंवा निव्वळ नफा पाच कोटी किंवा त्याहून अधिक आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचेच. एप्रिल २०१४ पासून हा नियम आहे. पूजाअर्चा त्या कामांच्या यादीत बसत नाही, म्हणून दवाखाना, शाळा, पाण्याची टाकी असं काही शोधलं जातं. थोडक्यात, कायद्याने खर्च करायलाच लागणारे, भागधारकांचे पैसे. त्यात तुमचा रुपया नाही. पण दवाखान्याच्या भिंतीवर संगमरवरात तुमचंच नाव कोरलं आहे, आणि कंपनीचं अगदी खाली, बारीक अक्षरात. म्हणजे ‘यांजकडून’ आणि ‘हस्ते’ यांची सरळ अदलाबदल. (तो फोमचा चेक अजून कोठीघरात आहे. ओल येऊ नये म्हणून पावसाळ्यात तांदळाच्या पोत्यांखाली घालतात. चांगला जाड आहे.)

सोन्याचांदीच्या वस्तूंबद्दल फार लिहीत नाही. मुकुट देता, पादुका देता. त्या तिजोरीत असतात, दर वर्षी पंचांसमोर त्यांचं वजन होतं, विमा उतरवावा लागतो, सणाला दोन दिवस बाहेर निघतात. शिर्डीत ज्यांनी पडक्या मशिदीत राहून रोज पाच घरी भिक्षा मागितली, त्यांच्यापुढेही सोनंच येऊन पडतं. देवाला ते आवडतं की नाही, हे मी सांगू शकत नाही. पावती मात्र वजनासकट बिनचूक केलेली आहे.

ज्या गोष्टीने मी हे पत्र लिहायला बसलो, ती वेगळीच आहे.

आमच्या देवस्थानाजवळ मुलांचं एक निवासी बालगृह आहे. आईवडील नसलेली किंवा असून नसल्यासारखी मुलं तिथे राहतात. तुमचा वाढदिवस असला की तुम्ही तिथे जाता. देवस्थानाचा माणूस म्हणून मला अनेकदा तिथे पाठवत. तुमची वेळ अकराची असते, म्हणून मुलांना आठला अंघोळ घालून, तेल लावून, भांग पाडून सतरंजीवर बसवतात. तुम्ही दोनला येता. केक कापता, एका मुलाला उचलून घेता. मुलगा बहुधा गोरा आणि लहान निवडलेला असतो. निवड तुमची नसते, कॅमेरावाला आधी येऊन करून जातो. वीस मिनिटांनी तुम्ही जाता. एकदा एका आठवड्यात तीन वाढदिवस आले. तिसऱ्या दिवशी एका मुलीने मला विचारलं, “काका, आज पण टाळ्या वाजवायच्या का?”

त्यातल्या एका मुलाची गोष्ट. गावातल्या शाळेत सहावीत होता. तिथे त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की वडील आखातात नोकरीला आहेत आणि तो मामाकडे राहतो. शिक्षकांनीही ते तसंच चालू दिलं होतं. मग तुमच्यापैकी एकांनी त्याच्या खांद्यावर हात टाकलेली रील आली. करुण संगीत, आणि वर अक्षरं: या अनाथांच्या चेहऱ्यावरचं हसू हीच माझी पूजा. संध्याकाळपर्यंत ती वर्गातल्या सगळ्यांच्या घरातल्या मोबाइलवर होती. दुसऱ्या दिवसापासून मुलगा शाळेत जाईना. अधीक्षक बाईंनी त्याला शेवटी दुसऱ्या गावच्या शाळेत घातलं.

बाल न्याय कायदा २०१५ मध्ये कलम ७४ आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं त्याचं नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करायला मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अधीक्षक बाईंना हे कलम पाठ होतं. मी म्हटलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, “गाद्या त्यांनी दिल्यात ना.” गाद्या खरोखरच चांगल्या होत्या. त्या गादीची पावती तुम्हाला मिळाली. त्या मुलाने तुम्हाला जे दिलं, त्याची पावती त्याला कोण देणार? त्याच्याकडे झाकून ठेवण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती.

मला माहीत आहे, यातल्या बऱ्याच गोष्टी तुम्हाला कोणी सांगितलेल्याच नसतात. तुमच्या भोवतीची माणसं तुमच्यापर्यंत फक्त फोटो पोचवतात. पण एक गोष्ट तुम्हाला नक्की माहीत असते, कारण तिच्या करारावर तुम्ही स्वतः सही करता. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तंबाखूच्या जाहिरातीवर त्याच्याही आधीपासून, २००३ च्या कायद्याने. म्हणून मग त्याच नावाची, त्याच रंगाच्या पुडीतली वेलची येते, आणि ती वेलची केसरी अक्षरांच्या खाली तुम्ही ऐटीत तोंडात टाकता. वेलची विकायला एवढे मोठे नट कशाला लागतात, हे पानटपरीवर उभं असलेलं शाळकरी पोरही सांगेल. २०२२ मध्ये तुमच्यातल्या एका मोठ्या नटाने लोकांचा राग पाहून जाहीर माफी मागितली, करार सोडला आणि मानधन चांगल्या कामाला देईन म्हणाला. बाकीच्यांची वेलची चालूच आहे. त्यातलेच काही जण कर्करोगाच्या मुलांबरोबर नाताळ साजरा करतात. त्या देणगीत वरच्या ओळीवर कोणाचं नाव घालायचं, यावर मी बराच विचार केला. पुडी खाणाऱ्यांचं घालावं लागेल. म्हणजे परळला टाटा रुग्णालयाबाहेर फुटपाथवर पथारी टाकून बसलेल्यांनीच तिथल्या रुग्णांना मदत केली, हस्ते आपण.

त्या रुग्णालयात येणाऱ्या कितीतरी गरीब रुग्णांना आजही दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत आसरा मिळतो. बाबा १९५६ च्या डिसेंबरात गेले; किती वर्षं झाली, मोजा. अंगात चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर गाडगं. लोकांकडून पैसा उभा करून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधल्या, आणि स्वतः त्यांच्या ओट्यावरही हक्काने झोपले नाहीत. पंढरपूरला जायचे ते वाळवंट झाडायला. ‘हस्ते’ या शब्दाचा अर्थ या माणसाला कळला होता. तो आयुष्यभर खालच्या ओळीत राहिला.

तुम्ही म्हणाल, संतांशी आमची तुलना काय करता. बरं, नको. नटांशीच करू. डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले. दोघेही पूजाअर्चेपासून लांब. लागूंनी तर देवाला निवृत्त करा असं जाहीरपणे सांगून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. याच मंडळींनी ऐंशीच्या दशकात गावोगाव नाटकाचे प्रयोग लावले आणि त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. कशासाठी? पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा थोडं मानधन मिळावं म्हणून. रात्री तोंडाला रंग लावून स्वतःच्या अंगमेहनतीचे पैसे. निधीच्या नावातच ‘कृतज्ञता’ आहे. आम्ही देतो असा त्यात सूर नाही, आमच्यावर देणं आहे असा आहे. मी देवाच्या दारात पोट भरलेला माणूस. देव न मानणाऱ्यांची उदाहरणं देताना जरा अवघडल्यासारखं होतंय, पण दुसरी पटकन आठवत नाहीत.

नाही, आठवतात. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५ च्या दुष्काळात ‘नाम’ सुरू केलं, विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी जाऊन बसले. पुढच्या वर्षी आमिर खान आणि किरण राव यांची ‘पाणी फाउंडेशन’ आली, लोकांनी उन्हात श्रमदान करून चर खोदले. तिथेही कॅमेरे होतेच. कॅमेऱ्याला माझी हरकत नाही. कॅमेरा निघून गेल्यावर तिथे कोण उरतं, एवढंच मी बघतो.

तुम्हाला पैसा नसेल द्यायचा तर नका देऊ. तुमच्याकडे त्याहून मोठी चीज आहे, तुमचा फोन सगळे उचलतात. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. यातल्या कितीतरी रुग्णालयांच्या उद्घाटनाच्या फिती तुम्ही कापल्या आहेत. आमच्या खिडकीशी मदतीचा अर्ज घेऊन येणाऱ्यांना त्या खाटा कधी रिकाम्या मिळाल्याच नाहीत. खाट शिल्लक नाही, कागद अपुरे आहेत, साहेब रजेवर आहेत. महिन्यातून एकदा, कॅमेऱ्याशिवाय, नुसता फोन करून विचारा, आज किती खाटा भरल्या? त्याची पावती मिळणार नाही, प्राप्तिकरात वजावटही नाही.

आणि दर्शनाला या. मनापासून सांगतो, या. गुरुवार, शनिवार-रविवार आणि सुटीचे दिवस टाळा. पावसाळ्यातला साधा बुधवार असेल तर दुपारी दीडनंतर रांग तासाभराची असते. डोक्याला रुमाल बांधलात तर कोणी ओळखत नाही. ओळखलं तरी रांगेतली माणसं आपल्याच काळजीत असतात, चार पावलांनंतर सोडून देतात. तुमच्या पुढे कदाचित तेच म्हातारे गृहस्थ असतील. त्यांना म्हणा, जाऊन या, नंबर मी धरतो.

बाहेर पडताना डाव्या हाताला देणगी खिडकी आहे. रात्री आठपर्यंत उघडी असते. तिथे आता नवा मुलगा बसतो, तो सिनेमे पाहत नाही. नाव नको असेल तर ‘गुप्तदान’ सांगा, तो दुसरं काही विचारणार नाही. ‘हस्ते’ची ओळ संगणकात नाही, पण शेऱ्याच्या चौकटीत जागा आहे, सांगितलंत तर तो टाइप करून देईल. तेवढे सुटे पैसे घेऊन जा. दुपारनंतर त्याच्याकडे सुटे नसतात.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पावतीलेखक